भाचीला डॉक्टर व्हायचंय ना, मग वैधतेची कागदपत्रं आत्तापासून जमवा

जव्हारच्या ताई, तुमची पोस्ट वाचली. भाची आश्रमशाळेत दहावीला आहे, अभ्यासात चांगली आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. घरचे मात्र म्हणतात, "आपल्या ठाकरांत कोण झालंय डॉक्टर?" तिची उमेद टिकावी म्हणून काय करू, असं तुम्ही विचारलंय. आम्ही डांगाण या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. माझी मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हेच सगळं आमच्याकडे होऊन गेलंय, म्हणून जरा लांबच लिहितो.

नीट ही प्रवेश परीक्षा, प्रवेशफेऱ्या, क्लास यांबद्दल इथं बाकीचे सांगतीलच.

आपल्या पोरांत उमेद कमी नसते. ज्या पोरीनं बाळंतिणीला झोळीतून रस्त्यापर्यंत नेताना पाहिलंय, तिला डॉक्टर कशाला व्हायचं हे भाषणातून सांगावं लागत नाही. आपल्यातलं कुणी झालेलं तिनं पाहिलेलं नसतं, एवढंच. गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या आश्रमशाळेत शिकून माडिया आदिवासी मुलं डॉक्टर झाली. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे राजेंद्र भारूड भिल्ल समाजातले. मुंबईत एमबीबीएस झाले, पुढे आयएएस होऊन नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. हे तिच्या वडिलांना जरूर सांगा. पण त्याहून चांगलं म्हणजे एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या आदिवासी मुलीची आणि तिची गाठ घालून द्या. माझ्या मुलीनं अशा एका ताईला तासभर प्रश्न विचारले. त्यानंतर मला तिला समजवायला लागलं नाही.

आता खरं सांगायचं ते. आमचं वर्ष अभ्यासामुळे गेलं नाही, जात वैधता प्रमाणपत्रामुळे, म्हणजे जमातीचा दाखला खरा असल्याचं जे प्रमाणपत्र सरकारी समिती देते त्यामुळे गेलं.

राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के जागा आहेत, पण नुसत्या प्रांत कार्यालयाच्या जमातीच्या दाखल्यावर ती जागा मिळत नाही, पडताळणी समितीची वैधता लागते. आम्ही मुलगी अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज केला होता. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरला नुसतं "कोळी" लिहिलेलं, त्यावरून जमात ठरत नाही. पणजोबांची कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीतली) नोंद मोडी लिपीत, तिथं "म. कोळी". कार्यालयाचं (नाव लिहीत नाही) त्रुटीपत्र आलं, की "म." म्हणजे काय ते स्पष्ट होत नाही. लिप्यंतर करून दिलं. त्याच बुकात भावकीतल्या दुसऱ्या नोंदीत "महादेव कोळी" पूर्ण लिहिलेलं होतं, तीही जोडली. मग फाईल घरी येऊन चौकशी करणाऱ्या दक्षता पथकाकडे गेली आणि तिथं थांबली. साहेबांची बदली झाली, नव्यांकडे अतिरिक्त कार्यभार, चौकशीला घरी कुणी येईना. विचारायला गेलं की "टेबलावर आहे" एवढंच उत्तर. माझ्या सख्ख्या चुलतभावाकडे त्याच समितीची वैधता होती. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशी होऊन वैधता मिळाली असेल, तर अर्जदाराला साधारणपणे ती नाकारू नये, असा अपूर्वा निचळे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो दाखवला तर कार्यालयातले म्हणाले, "कोर्टातच जाऊन दाखवा."

नीटचा निकाल लागला, तिच्या गुणांना जागा मिळत होती. प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा फेऱ्या संपल्या होत्या. ते पुढचं वर्ष तिनं कसं काढलं ते इथं लिहवत नाही. पुन्हा परीक्षा दिली आणि मिळवलं, पण प्रत्येक पोरगी पुन्हा बसेल असं नाही. आमच्याच गावातली एक बसली नाही.

पडताळणी नको असं मी म्हणत नाही. खोट्या दाव्यांनी आपल्याच पोरांच्या जागा जातात. ही समित्यांची आजची पद्धतसुद्धा १९९४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आली, आणि ते प्रकरण वैद्यकीय प्रवेशासाठी केलेल्या महादेव कोळी असल्याच्या दाव्याचंच होतं. पण खोटं अडवण्यासाठी केलेली चाळणी खऱ्या पोरांना प्रवेशाची तारीख उलटेपर्यंत अडवून ठेवते, याचा जाब कुणी देत नाही. याचा मला अजून राग आहे.

तुम्ही ठाकर, म्हणजे कागदोपत्री ठाकूर, म्हणून एक मुद्दाम सांगतो. चौकशीत देव, लग्नविधी, बोली, गाणी विचारतात. शिकायला लहानपणापासून बाहेर राहिलेल्या पोरीला सगळं येईलच असं नाही. महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या प्रकरणात मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ही आप्तभाव चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि राज्यघटनेच्या आधीच्या जुन्या नोंदींना सर्वांत जास्त वजन आहे. म्हणून ६ सप्टेंबर १९५० च्या (अनुसूचित जमातींची यादी निघाली त्या तारखेच्या) आधीचं जे मिळेल ते शोधा: आजोबा-पणजोबांचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूच्या नोंदी), जमिनीचे जुने फेरफार. हे काम दहावीच्या सुट्टीतच करा. जुनी पानं झिजलेली असतात, प्रमाणित प्रत मिळेल तेव्हा घेऊन ठेवा. दिलेल्या प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या. फाईल हललीच नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तरीही हलली नाही तर उच्च न्यायालयात जायला घाबरू नका, ठरावीक मुदतीत निर्णय द्या असे आदेश न्यायालय देतं. मी वकील नाही, माझ्या अनुभवावरून बोलतोय. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सरकार कधी मुदतवाढ देतं, पण तिच्या भरवशावर राहू नका.

बाकी थोडक्यात. दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि दाखल्यावर नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. नीट मराठीतून देता येते, तरी माझं मत असं की जीवशास्त्र अकरावीपासून इंग्रजी पुस्तकातूनच वाचावं. ७२० पैकी ३६० गुण त्याचे आहेत आणि पुढे एमबीबीएसला तेच शब्द भेटणार आहेत. कुणाचं मत वेगळं असू शकेल. क्लासला लाखो रुपये घालण्याआधी पुण्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी उभं केलेलं लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट पाहा, ते गरीब घरच्या मुलांना नीटसाठी मोफत शिकवतात. वसतिगृह मिळालं नाही तर आदिवासी विभागाची स्वयं योजना आहे, ती बाहेर राहण्या-जेवण्यासाठी पैसे देते.

आणि प्रवेश झाला की सुटलो असं समजू नका. २०१९ मध्ये मुंबईत तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपवलं, वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला. पहिल्या वर्षापासून आपल्या समाजातल्या सीनियर मुलींचे नंबर तिच्याकडे असू द्या, आणि ती फोनवर गप्प वाटली तर जाऊन भेटून या.

तिच्या वडिलांकडच्या कुणाला, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभावंडांपैकी, वैधता मिळालीय का ते आधी विचारा आणि इथं कळवा. नसेल तर आजोबांची शाळा कुठली होती तेवढं सांगा. तिथून सुरुवात कशी करायची ते लिहितो.