घरातल्या काळ्या बुरशीमुळे मेंदूवर परिणाम होतो का? ओल आलेलं घर सोडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता. दर पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. त्या खोलीत झोपणाऱ्या आईंचं (वय ६२, शाकाहारी, मधुमेहाच्या गोळ्या चालू) डोकं दुखतं, विसरायला होतं, पायांना मुंग्या येतात. बुरशीचं विष मेंदूत जातं असं वाचून घर बदलायचा विचार चाललाय, आणि कुणीतरी लघवीची महागडी मायकोटॉक्सिन (बुरशीचं विष) टेस्ट करायला सांगितली आहे.

माझ्या मते भिंतीचं काम आणि आईंच्या तपासण्या याच आठवड्यात सुरू करा, पण एकमेकांवर अवलंबून ठेवू नका. भिंतीवर बुरशी दिसते म्हणून सगळं खापर तिच्यावर फोडलं, तर बरा होणारा आजार हातातून निसटतो. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून भिंत तशीच ठेवली, तर दमा-सर्दी पाठ सोडत नाही.

आधी पुरावा किती आहे ते. ओलसर घर आणि खोकला, शिंका, छातीत घरघर, दम्याचा जोर वाढणं यांचा संबंध पक्का आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तो मान्य केला. विसरभोळेपणा, थकवा, मुंग्या यांच्याबाबतीत मात्र २००४ च्या अहवालात पुरावा अपुरा असल्याचंच म्हटलं आहे.

म्हणजे शंका बिनबुडाची आहे असंही नाही. २००६ मध्ये स्टॅकिबोट्रिस या काळ्या बुरशीतलं सॅट्राटॉक्सिन हे विष उंदरांच्या नाकात थेट घातल्यावर वासाच्या चेतापेशी मेल्या. २०२० च्या एका प्रयोगात याच बुरशीचे बीजाणू (तिच्या बारीक बिया) उंदरांच्या नाकात सोडले, तेव्हा मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागात दाह झाला आणि स्मरणशक्ती बिघडली. विष काढून टाकलेल्या बीजाणूंनीही त्रास झाला, म्हणजे गडबड फक्त विषाची नसून शरीराच्या प्रतिकाराचीही असावी. माणसांमध्ये पोलंडच्या क्राकोव्हमध्ये जन्मापासून मुलांचा पाठपुरावा झाला. बुरशीच्या घरात जास्त काळ वाढलेल्या मुलांचा सहाव्या वर्षीचा बुद्ध्यांक कमी आला (२०११). पण अशा घरांत गरिबी, धूर, दाटीवाटीही असते, ती पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. युरोपातल्या आठ शहरांच्या २००७ च्या अभ्यासात ओल आणि नैराश्य बरोबरीने दिसले, त्यातला काही भाग 'आपल्या घरावर आपलाच ताबा नाही' या भावनेतून येत होता. वर्षानुवर्षं सोसायटीकडे अर्ज करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

प्रयोगात नाकात घातलेला डोस आणि भिंतीवरून हवेत येणारं प्रमाण यांत खूप फरक असतो. शिवाय काळा रंग म्हणजे स्टॅकिबोट्रिस नव्हे. आपल्या विटा-सिमेंटच्या भिंतीवर जे काळं धरतं ते बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम किंवा अॅस्परजिलस असतं. स्टॅकिबोट्रिसला सतत चिंब भिजलेला कागद, पुठ्ठा, प्लायवूड लागतं. आपल्याकडे ती सापडायची शक्यता जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगवर आणि कपाटाच्या पाठीमागच्या प्लायवर जास्त. तिथे टॉर्च मारून बघा.

लघवीच्या टेस्टचे पैसे वाचवा. शेंगदाणे, मका, मिरची, धान्य यांतून थोडी मायकोटॉक्सिन्स सगळ्यांच्याच पोटात जातात आणि निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतात. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी ते भिंतीतून आलं की चटणीतून, हे कळत नाही. हवेतले बीजाणू मोजायची टेस्टही नको. किती म्हणजे घातक, असा आकडा जागतिक आरोग्य संघटनेनेही दिलेला नाही. बुरशी डोळ्यांना दिसते किंवा नाकाला कळते, तेवढं पुरे.

आता आईंकडे. शाकाहार, मधुमेहाची गोळी (मेटफॉर्मिन असेल तर), पायांना मुंग्या, विसरणं हे वाचून माझ्या डोक्यात पहिलं येतं ते बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन आणि रोजची अॅसिडिटीची गोळी, दोन्हीमुळे बी-१२ घटतं. वेळेत कळलं तर इंजेक्शन-गोळ्यांनी भरून निघतं, उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. फॅमिली डॉक्टरांशी बोलून सीबीसी (रक्तपेशी), बी-१२, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची साखर), सोडियम, क्रिएटिनिन (किडनी) करून घ्या, बीपी मोजा. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी असेल तर ईएसआरही (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी), कारण कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह वेळेत ओळखला नाही तर नजर जाऊ शकते. मुंग्या निव्वळ मधुमेहाच्याही असू शकतात, ते डॉक्टर तळपाय तपासून सांगतील.

औषधांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करा. सर्दीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्या (क्लोरफेनिरामाइन असलेल्या) या वयात गुंगी आणि गोंधळ आणतात. 'अॅलर्जीची गोळी' म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) मार्च २०२० मध्ये मनःस्थिती आणि वागण्यातल्या बदलांबद्दल सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. म्हणजे बुरशीमुळे सर्दी, सर्दीसाठी गोळी आणि गोळीमुळे सुन्नपणा, अशी साखळी असू शकते. गोळी स्वतःहून बंद करू नका, विचारून करा. रात्रभर नाक चोंदून झोप मोडत असेल तर डोकेदुखी आणि विसरभोळेपणा नुसत्या त्यानेही येतो.

घरात गॅस गीझर आहे का, हे तुम्ही लिहिलं नाही. बाथरूमच्या आत असेल तर बुरशीच्या आधी तो बघा. पावसात खिडकी लावून आंघोळ केली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. गॅस गळतीचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा, आणि जळताना तोही जळून जातो. आंघोळीनंतर डोकं ठणकणं, गरगरणं, बाथरूममध्ये कोसळणं, फिट येणं ही त्याची लक्षणं. गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या जागी बसवून धुराचा पाइप इमारतीबाहेर काढा. तोवर आंघोळीला बसण्याआधी बादल्या भरून गीझर बंद. दुसरा लपलेला गुन्हेगार म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या. कुबट वास मारायला मूठभर टाकतात आणि त्याच बंद खोलीत झोपतात. नॅप्थलीनने डोकं दुखतं, मळमळतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्या अजिबात नकोत.

बुरशी खरंच मेंदूपर्यंत पोचते असे आजार आहेत, पण ते वेगळे. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्याला 'काळी बुरशी' म्हटलं गेलं तो म्युकरमायकोसिस. साखर बेताल किंवा स्टेरॉइड चालू असताना होतो, आणि भिंतीवरच्या काळ्या डागांशी त्याचा संबंध नाही. एका बाजूचा गाल दुखणं-सुजणं, नाकातून काळपट स्राव, पापणी खाली येणं, एकाचं दोन दिसणं: त्याच दिवशी हॉस्पिटल. दुसरा क्रिप्टोकॉकस या कबुतरांच्या विष्ठेतल्या बुरशीचा. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना त्यातून मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) होतो, आठवडा-दोन आठवडे डोकेदुखी वाढत जाते आणि ताप येतो. डक्टमध्ये आणि एसीच्या आउटडोअर युनिटवर साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी मारून भिजवा, एन-९५ लावा, मग काढा. तोंड वाकडं होणं, हात-पाय अचानक लुळा पडणं, बोबडी वळणं यात बुरशी-बिरशी काही नाही. अर्धांगवायूचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा रिक्षा मिळेल ती पकडा.

एक फुकटची तपासणी: आईंना दोन आठवडे कोरड्या घरात, बहिणीकडे वगैरे राहू द्या. रोज रात्री वहीत डोकेदुखी, नाक, झोप आणि मुंग्या यांना शून्य ते दहा गुण लिहा. डोकेदुखी-सर्दी उतरली आणि परतल्यावर पुन्हा चढली, तर कारण घरात आहे. पण ते बुरशी, गीझर, डांबरगोळ्या, मच्छरची कॉइल यांपैकी काहीही असू शकतं. मुंग्या कमी होतील अशी अपेक्षा ठेवू नका.

आता भिंत. पांढरं भुरभुरीत असेल तर ती बुरशी नसेलही. चिमूटभर पाण्यात टाका, विरघळलं तर विटांतला क्षार. काळ्या डागावर पातळ ब्लीचचा थेंब टाका. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, तसाच राहिला तर मळ किंवा काजळी. ओल कुठून येते ते कळायला डाग पुसून भिंत कोरडी करा आणि दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी पक्का चिकटवा. २४ तासांनी भिंतीच्या बाजूला पाणी दिसलं तर भिंतीतून झिरपतंय. खोलीच्या बाजूला दिसलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून तारीख लिहा. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत डाग रेघेबाहेर सरकत असेल तर टेरेस किंवा बाहेरची भेग. जानेवारीतही वाळत नसेल तर पाइप किंवा बाथरूम. बाथरूमवर संशय असेल तर नहाणी ट्रॅप बुजवून दोन इंच रंगीत पाणी २४ तास उभं ठेवा आणि भिंतीच्या पलीकडे व खालच्यांच्या छतावर लक्ष ठेवा. खालच्यांना आधी सांगा, नाहीतर भांडण ठरलेलं.

हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा मीटर) घ्या, काहीशे रुपयांत मिळतो, पण तपासून वापरा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत पाणी घाला आणि मीटरसोबत झिपवाल्या पिशवीत ८-१० तास बंद ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवा. जितका फरक तितका धरून पुढे वाचा. खोलीत ६० च्या खाली राहायला हवं. नेरुळमध्ये जुलैत बाहेरच ८५-९० असतं, त्यामुळे 'खिडक्या उघडा, हवा खेळू द्या' हा सल्ला पावसाळ्यात उलटा पडतो. दारं-खिडक्या लावून एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) चालवा, एसीचा फिल्टर दर पंधरवड्याला धुवा आणि पाणी निघायचा पाइप तुंबला नाही ना ते बघा. बेडरूममधली कपड्यांची दोरी काढा. मशीनभर ओले कपडे लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत सोडतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा.

डाग दहा चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर घरीच काढता येतो, जास्त असेल तर कामगार बोलवा. आई आणि कुणी दमेकरी असेल तर घराबाहेर. एन-९५, हातमोजे, गॉगल लावा, पंखा बंद. कोरड्या ब्रशने खरवडणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण बीजाणू घरभर होतात. साबणाचं पाणी फवारून भिजवा, पोपडे धरलेली पुट्टी पत्रीने काढून पिशवीत बांधा, मग साबणाने घासून पुसा. ब्लीच वापरायचंच तर चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त पाव लिटर, आणि संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर कधीच नाही, क्लोरीन वायू होतो. ब्लीचने रंग जातो, प्लास्टरच्या आतली मुळं राहतात, आणि मेलेले बीजाणूही अॅलर्जी देतात. म्हणून मारण्यापेक्षा काढण्यावर भर द्या. भिजलेला जिप्सम बोर्ड, फुगलेला प्लाय, कुबट गादी स्वच्छ होत नाही, फेकावी लागते.

ओल्या भिंतीवर रंग मात्र देऊ नका. वॉटरप्रूफ पेंट आतून मारला की पाणी आतच अडकतं आणि पुढच्या वर्षी प्लास्टरसकट फुगतं. आधी बाहेरून टेरेस आणि भेगा, मग प्लास्टर पूर्ण वाळू द्या, प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा करा, तो दोन्ही बाजूंनी कोरडा निघाला तरच पुट्टी आणि रंग. हे काम बहुधा मार्च-एप्रिलमध्येच नीट होतं.

खर्चाचं म्हणाल, तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार टेरेस, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती ज्याची त्याने. तुम्ही टॉप फ्लोअरला, म्हणजे टेरेसचा संशय मोठा. तारखांसह फोटो आणि पेन्सिलच्या रेघा जोडून सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ऑक्टोबरच्या आत. टेरेसवर पत्रे टाकायचे ठरले तरी भेगा बुजवून घ्या, वाऱ्याचा पाऊस पत्र्याखालून आडवा येतो.

घर सोडायची गरज मला दिसत नाही. आईंची झोपायची जागा मात्र आजच बदला. हॉलमध्ये, बाहेरच्या भिंतीपासून लांब, आणि बेडरूमचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल.