माळ्यावरचं शिकागो: जुन्या व्होडव्हिलच्या कागदांविषयी तुमचे प्रश्न

शिकागो आणि आसपासच्या मराठी घरांतून मला येणारी पत्रं बहुतेक एकाच साच्याची असतात. जुनं घर घेतलं, माळ्यावर पेटी सापडली, पेटीत व्होडव्हिलचे, म्हणजे गाणी, विनोद, कसरती अशा जुन्या अमेरिकी मिश्र खेळांचे, कागद निघाले, याचे किती येतील? किती येतील ते मी सांगत नाही. जुने कागद दुरुस्त करणं आणि टिकवणं हा माझा व्यवसाय आहे. कागद कसला, साधारण केव्हाचा आणि आणखी खराब होऊ नये म्हणून काय करायचं, एवढं सांगते. मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून तेही अर्धंच कळतं. तेव्हा पुढचं प्रत्येक उत्तर 'कागद जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा' हे गृहीत धरून वाचावं.

प्रश्न: मॅजेस्टिक थिएटरची कार्यक्रमपत्रिका सापडली. वर 'सोमवार, ९ मार्चपासूनचा आठवडा' एवढंच आहे, वर्ष नाही. आधीचे घरमालक म्हणतात, १९०० च्या आधीची आहे.

मन्रो स्ट्रीटवरचं मॅजेस्टिक उघडलं १ जानेवारी १९०६ ला. घरमालकांचं म्हणणं इथेच निकालात निघालं. आता कॅलेंडर घ्या. त्यानंतर व्होडव्हिलच्या काळात ९ मार्चला सोमवार आला १९०८, १९१४, १९२५ आणि १९३१ साली. तिकीटदरांच्या खाली बारीक अक्षरात 'वॉर टॅक्स'चा उल्लेख आहे का बघा. पहिल्या महायुद्धात १ नोव्हेंबर १९१७ पासून तिकिटांवर केंद्राचा कर लागला, त्यामुळे तो शब्द असेल तर १९०८ आणि १९१४ दोन्ही बाद. नसेल, तर ठळक टाइपातली दोन-तीन नावं टिपून घ्या आणि त्या त्या आठवड्याच्या 'शिकागो ट्रिब्यून'मधल्या नाटकांच्या जाहिराती ताडून पाहा. सार्वजनिक ग्रंथालयात हे काम फुकट होतं. इमारत आजही उभी आहे, नाव मात्र सीआयबीसी थिएटर झालं आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीचे पणजोबा कसरतपटू होते. सगळ्या पत्रिकांवर त्यांचं नाव पहिलं आहे. म्हणजे ते मुख्य आकर्षण होते ना?

नाही. आणि ही गैरसमजूत दर महिन्याला येते.

व्होडव्हिलमध्ये सलग गोष्ट नसते. आठ-नऊ स्वतंत्र तुकडे एकामागून एक: गाणं, विनोदी जोडी, जादू, शिकवलेली कुत्री, छोटी नाटिका. क्रम ठरवणाऱ्या मॅनेजरचं गणित पक्कं असे. पहिला नंबर मुका, म्हणजे कसरत किंवा जनावरं, कारण त्या वेळी लोक अजून जागा शोधत, खुर्च्या आपटत असतात. संवाद असते तर वाया गेले असते. दुसरा नंबर बहुधा गाणाऱ्या जोडीचा. तो पुढच्या पडद्यासमोरच्या चिंचोळ्या पट्टीत उरकायचा, म्हणजे मागे पुढच्या नाटिकेचं नेपथ्य लावता येतं. मानाची जागा शेवटून दुसरी. शेवटचा नंबर पुन्हा मुका. तोवर लोक कोट घालून दाराकडे निघालेले असतात.

तेव्हा पणजोबा 'स्टार' नव्हते. पण मॅजेस्टिकसारख्या मोठ्या थिएटरात पहिला नंबर मिळवणं हीही साधी गोष्ट नव्हती, हे पत्नीला जरूर सांगा. आणखी खोलात जायचं असेल तर आयोवा विद्यापीठातल्या कीथ-ऑल्बी संग्रहात मॅनेजरांच्या अहवालांच्या वह्या आहेत. कोणाला टाळ्या पडल्या आणि कोण पडलं, हे त्यात भीड न ठेवता लिहिलेलं असतं. तिथल्या ग्रंथपालांना आधी ईमेल करा.

प्रश्न: मार्क्स ब्रदर्स शिकागोचे होते का?

हे विनोदी नट भाऊ जन्माने न्यूयॉर्कचे, १९१० च्या दशकात मुक्काम शिकागोत.

प्रश्न: 'जळालेल्या इरोक्वा व्होडव्हिल थिएटरची मूळ पत्रिका' ऑनलाइन घेतली. कडा करपलेल्या आहेत. सोबत अग्निरोधक पडद्याचा तुकडाही मिळतोय. घेऊ का?

तुकडा घेऊ नका. खरा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, खोटा असेल तर पैसे गेले. असली वस्तू आधीच घरात आली असेल तर ती झटकू नका, कापू नका, जाड पिशवीत बंद करून परवानाधारक तपासनिसाला बोलवा.

आता पत्रिका. इरोक्वा हे व्होडव्हिल थिएटर नव्हतंच. रँडॉल्फ स्ट्रीटवर २३ नोव्हेंबर १९०३ ला ते उघडलं आणि ३० डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीतल्या बुधवारच्या दुपारच्या खेळाला पेटलं. खेळ होता 'मिस्टर ब्लूबिअर्ड', मोठ्या थाटाचं संगीत नाटक. त्यातला विनोदी नट एडी फॉय पुढे आपल्या सात मुलांना घेऊन व्होडव्हिलमध्ये गाजला, बहुधा त्यामुळे हा घोळ होतो. जाहिरात होती 'पूर्णपणे अग्निरोधक'. आर्क दिव्याच्या ठिणगीने मलमलीचा पडदा पेटला, अग्निरोधक पडदा खाली येताना मध्येच अडकला, आणि नंतर तपासला तेव्हा त्यात लाकडाचा लगदाच भरपूर निघाला. बाहेर जायची दारं झालरींच्या मागे लपलेली, कड्या अनोळखी, जिन्यावरच्या जाळ्यांना कुलपं. ६०२ माणसं गेली, बहुतेक बायका आणि मुलं. शिक्षा कोणालाच झाली नाही.

या प्रकरणाच्या नावावर काहीही विकलं जातं. करपलेली कडा हा पुरावा नाही. मेणबत्तीने ती दोन मिनिटांत होते. शिवाय 'ब्लूबिअर्ड' त्याआधी न्यूयॉर्कला झालं होतं, त्या खेळाची पत्रिका शिकागोची म्हणून खपवणंही अवघड नाही. वरचं थिएटरचं नाव आणि तारीख आधी वाचा. मग एखाद्या स्वतंत्र जाणकाराकडून तपासून घ्या. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं 'प्रमाणपत्र' रद्दीत टाका.

प्रश्न: फेटा घातलेल्या 'अलेक्झांडर' जादूगाराचं पोस्टर आहे. खाली 'बॉम्बे' छापलंय. हा आपला माणूस होता का? की पोस्टर बनावट?

आपला नव्हे. क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन, मूळचा साउथ डकोटाचा. फेटा बांधून स्फटिकगोल समोर ठेवायचा आणि बंद पाकिटातले प्रश्न 'ओळखायचा'. त्या काळी अमेरिकी रंगमंचावर 'हिंदू' म्हणवणारे बरेच जादूगार असेच गोरे होते. पण 'बॉम्बे' या शब्दावरून पोस्टर बनावट ठरत नाही. त्याच्या काही पोस्टरांच्या तळाशी मुंबईच्या छापखान्याचं नाव खरोखरच असतं.

नकली-असली ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि चेहऱ्याच्या सावलीवर धरा. ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर, बारीक फुलांसारखे बसलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेट प्रत. त्या काळच्या दगडावरच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, खडूने घासल्यासारखे दिसतात. या पोस्टरच्या नव्या प्रती ढिगाने निघाल्या आहेत, आणि चहाचं पाणी फिरवून त्यांना 'वय' देणारेही आहेत. खात्री होईपर्यंत फ्रेमवाल्याकडे जाऊ नका. तो पोस्टर पुठ्ठ्याला चिकटवून देईल आणि बिलही लावेल.

प्रश्न: आमच्या वयस्कर अमेरिकन शेजारणीने तिच्या आजीची कात्रणवही आम्हाला दिली. आजी नाचगाण्याच्या जोडीत होती. पानं सुटताहेत. चांगली कात्रणं काढून लॅमिनेट करावी म्हणतो, मुलाच्या शाळेच्या प्रकल्पालाही उपयोगी पडतील.

नका करू. कृपा करून नका करू.

लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक आणि गोंद कागदाच्या आत कायमचे शिरवणं. ते पुन्हा सुटत नाही. आत वर्तमानपत्राचा कागद, लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून तुटणारा. तुम्ही ते आम्लही आत कोंडता आणि मग समजता की कागद वाचला. दुकानदार 'आर्कायव्हल', म्हणजे दीर्घकाळ जपणारं, लॅमिनेशन असं भारदस्त नाव सांगेल. जे काढता येत नाही ते आर्कायव्हल नसतं. सेलोटेपचंही तेच. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, गोंद आत मुरतो आणि तपकिरी, तेलकट पट्टा उरतो. तो काढायला माझ्यासारखीला दिवस घालवावे लागतात आणि तरी डाग राहतो.

दुसरी गोष्ट, 'चांगली' कात्रणं निवडायचा मोह. वहीचा क्रम हाच तिचा जीव आहे. मॅजेस्टिकच्याच इमारतीतून वेस्टर्न व्होडव्हिल मॅनेजर्स असोसिएशन कलाकारांना मध्य-पश्चिमेतल्या गावोगावची थिएटरं ठरवून द्यायची. आजी या आठवड्यात शिकागोत, पुढच्या आठवड्यात तीन दिवस एका गावात आणि उरलेले दुसऱ्या. तो प्रवास पानांच्या क्रमात आहे. कात्रणावर गावाचं नाव नसलं तर मागची बाजू वाचा: अर्धवट कापलेली कोळशाच्या वखारीची जाहिरात, तिच्यात रस्त्याचं नाव, कधी तारीखही. शेवटी तेवढाच पुरावा हाती राहतो, आणि तुम्ही तोच गोंदात बुडवायला निघालात.

काय करायचं? वही आहे तशी सपाट ठेवा, आम्लमुक्त खोक्यात. माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फ. तळघरात नको, शिकागोच्या तळघरांत पाणी शिरतं. राहत्या खोलीतलं कपाट उत्तम. सुटी पानं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला, न चिकटवता. प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, क्रमाने. मुलाच्या प्रकल्पाला ते पुरेत. मग कागदाच्या कॉन्झर्व्हेटरला, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून टिकवणाऱ्याला, दाखवा. आणि शेजारीणबाई आहेत तोवर त्यांच्याकडून फोटोतल्या माणसांची नावं लिहून घ्या. पुढच्या सुट्टीत नव्हे, या शनिवारी.

प्रश्न: पुण्यात नाट्यशास्त्र शिकते. त्या काळी शिकागोत कृष्णवर्णीय कलाकारांना रंगमंचावर बंदी होती असं वाचलं. खरं का?

बंदी नव्हती, अपमान भरपूर होता. इलिनॉयमध्ये १८८५ पासून भेदभावाविरुद्ध कायदा होता, तरी बऱ्याच थिएटरांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना गॅलरीत पाठवत. रंगमंचावर गोरे नट तोंडाला काळं फासून त्यांची नक्कल करत, आणि बर्ट विल्यम्ससारख्या मोठ्या कृष्णवर्णीय नटालाही तेच काळं फासावं लागे.

पण तेवढ्यावर थांबू नका. स्टेट स्ट्रीटवर सत्ताविसाव्या रस्त्याजवळ रॉबर्ट मॉट्स या कृष्णवर्णीय मालकाने १९०५ मध्ये पेकिन सुरू केलं. आधी संगीतगृह, वर्षभरात रीतसर थिएटर. स्वतःची नटमंडळी, स्वतःचे लेखक, जो जॉर्डनसारखा संगीतकार. मॉट्स १९११ मध्ये गेला. प्रबंधात लिहिण्याआधी १९०५ मध्येच निघालेल्या 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे त्या काळातले उपलब्ध अंक पाहा आणि मार्गदर्शकांना दाखवा. इंटरनेटवरच्या एका परिच्छेदावर प्रकरण उभं करू नका.

प्रश्न: पेटीत पत्रिकांखाली ३५ मिलिमीटर फिल्मचा पत्र्याचा डबा होता. दोन वर्षं गॅरेजमध्ये आहे. दिवाळीत भारतात नेऊन भावाकडून डिजिटल करून घ्यावा म्हणतो.

विमानात अजिबात नाही. टपालानेही नाही.

व्होडव्हिलच्या कार्यक्रमात शेवटी बरेचदा चलच्चित्र दाखवत, तेव्हा डबा त्या काळचा असू शकतो. असेल तर ती नायट्रेट फिल्म, म्हणजे जुनी, चटकन पेट घेणारी फिल्म, समजा. ती जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतः पुरवते, पाण्याने विझत नाही आणि धूर विषारी. सडत चाललेली फिल्म उन्हाळ्यातल्या गॅरेजच्या उष्णतेत आपोआप पेटू शकते. अग्निशमन दलाच्या साध्या, तातडीच्या नसलेल्या क्रमांकावर आजच फोन करून 'नायट्रेट फिल्म असण्याची शक्यता' या शब्दांत सांगा, मग फिल्म-संग्रहालयाला विचारा. डबा उघडून बघू नका, गाडीत घालू नका, फोटो लांबून काढा.