हे त्यांना कळलं कसं, ते आधी विचार

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, सोबत ती रील, 'धूमकेतूकडून रेडिओ सिग्नल आला, शास्त्रज्ञ गप्प', आणि खाली तुझा प्रश्न, काका हे खरं आहे का. एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण मग पुढच्या महिन्यात दुसरी रील येणार आणि तू परत मलाच विचारणार. म्हणून निवांत बसून लिहितोय, लांबेल जरा, सवडीने वाच.

आधी सिग्नलचं बघू. ३आय/अ‍ॅटलास हा धूमकेतू १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने पकडला. आपल्या सूर्यमालेच्या बाहेरून आलेली ही तिसरीच वस्तू, आधी २०१७ ला ओमुआमुआ आणि २०१९ ला बोरिसोव्ह. २०२५ च्याच ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट नावाच्या ६४ डिशच्या रेडिओ दुर्बिणीने त्याच्याकडे बघितलं तेव्हा १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झला खूण सापडली, एवढं खरं आहे. पण ती खूण कसली? धूमकेतूवरचा बर्फ तापतो, पाण्याची वाफ बाहेर पडते, सूर्याच्या अतिनील किरणांनी पाण्याचा रेणू फुटतो आणि हायड्रॉक्सिल उरतो, ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू. हा हायड्रॉक्सिल नेमक्या त्याच दोन फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषतो. म्हणजे सिग्नल 'आला' नव्हताच, मागून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या दोन ठिकाणी कमी पडल्या होत्या! आणि ही पद्धत काही नवी नाही, १९७३ च्या कोहूटेक धूमकेतूपासून लोक असंच पाणी शोधतायत. शोधणाऱ्यांना 'हा धूमकेतू धूमकेतूसारखाच वागतोय' याचा पुरावा मिळाला, आणि रीलवाल्याने त्याच पुराव्याचं परग्रहवाल्यांचं यान केलं.

शास्त्रज्ञ गप्प होते म्हणतात, त्याचं पण बघ. ३ ऑक्टोबरला तो मंगळापासून साधारण तीन कोटी किलोमीटरवरून गेला, मंगळाभोवतीच्या यानांनी फोटो काढले, पण नासाचे फोटो बाहेर आले १९ नोव्हेंबरला. मधल्या काळात अमेरिकेत सरकारी कामकाजच बंद होतं, १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस. ऑफिसला कुलूप होतं गं. पण बघणाऱ्याला तारखा शेजारी शेजारी मांडून बघायची सवय नसेल तर त्याला लपवाछपवीच दिसणार.

तर माझं सांगणं असं की कुठलीही बातमी आली की 'खरं का खोटं' हा प्रश्न जरा मागे ठेव. आधी विचार, हे त्यांना कळलं कसं? कुठली दुर्बीण, नक्की काय मोजलं, किती वेळा मोजलं, दुसऱ्या कोणी मोजलं का. एवढं शोधलंस की खरं-खोटं बहुतेक वेळा आपोआप कळतं, आणि नाही कळलं तरी कुठे अडलंय ते कळतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत तू किती घाबरली होतीस आठवतं? २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह. २७ डिसेंबर २०२४ ला सापडला, परत चिलीतूनच, आणि २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आपटायची शक्यता आधी एक टक्का, मग दोन, मग १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. संभाव्य पट्ट्यात मुंबईचं नाव आलं आणि चॅनेलवाल्यांना दुसरं काही सुचेना. तू म्हणालीस, काका आकडा रोज वाढतोय म्हणजे तो आपल्याकडेच येतोय. तेव्हा मी घाईत होतो, तुला नीट सांगितलं नाही, ते माझ्या मनात राहिलंय, आता सांगतो.

समज तुमच्या अडीच एकराच्या शेतात तुझ्या आजीची बांगडी हरवली. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, आणि शेतात एक विहीर, तिने एक गुंठा अडवलाय असं धर. कुठे पडली काहीच माहिती नाही, तर विहिरीत पडली असण्याची शक्यता शंभरात एक. मग आजी म्हणाली, अगं मी वरच्या बाजूला गेलेच नव्हते, तर राहिले बत्तीस गुंठे, आणि विहीर त्या बत्तीसातच आहे. आता शक्यता किती? बत्तिसात एक, तीन टक्क्यांच्या वर. बांगडी जागची हललेली नाही, विहीर हललेली नाही, फक्त शोधायची जागा कमी झाली म्हणून आकडा वाढला! मग कोणीतरी म्हणालं की आजी लिंबाखाली जेवायला बसली होती, बांगडी तिथेच असणार, तर विहीर त्या जागेतून बाहेर पडली आणि आकडा एकदम शून्याजवळ. वायआर४ चं अगदी असंच झालं. मोजमापं वाढत गेली तशी तो जिथे असू शकेल ती जागा आकसत गेली, पृथ्वी काही दिवस त्या जागेत राहिली, आणि मग बाहेर. ३.१ नंतर आठवड्याच्या आत आकडा ०.००४ टक्क्यांवर आला होता. आधी वाढून मग धाडकन पडणं हा अशा हिशोबांचा नेहमीचा मार्ग आहे, २००४ च्या डिसेंबरमध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाचा आकडा २.७ टक्क्यांपर्यंत जाऊन असाच पडला होता. (तो १३ एप्रिल २०२९ ला जमिनीपासून साधारण ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे, आपल्या टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. तेव्हा परत आरडाओरडा होईल, तू गावातल्यांना ही बांगडीची गोष्ट सांग.)

शास्त्रज्ञांनी आकडा बदलला म्हणून लोक म्हणाले यांना काही कळत नाही. मला तर त्या दिवसांत फार अभिमान वाटला होता, कारण रोजचा आकडा त्यांनी रोज सगळ्यांसमोर ठेवला, वाढत असताना पण ठेवला.

आता तुझं दुसरं रडगाणं. मराठी मीडियम, तालुक्याचं गाव, टेलिस्कोप नाही, मी काय करणार. पुण्यातल्या एनसीआरएचं, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राचं ऐक. राशी जैन तिथे पीएचडी करते, योगेश वाडदेकर तिचे गाइड. त्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये अलकनंदा नावाची दीर्घिका जाहीर केली, आपल्या आकाशगंगेसारखी नीट दोन हात असलेली सर्पिल दीर्घिका, पण विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असतानाची. इतक्या लवकर इतकी घडी बसलेली तबकडी तयार होईल असं फारसं कोणी धरलंच नव्हतं. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीच्या फोटोंमधल्या सुमारे ७०,००० वस्तू चाळताना अशी एकच सापडली. आणि तो डेटा काही त्यांनी स्वतः दुर्बीण लावून मिळवलेला नव्हता, दुसऱ्यांच्या सर्वेक्षणाचा, सगळ्यांना खुला असलेला होता. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात आणि मंदाकिनीची बहीण अलकनंदा, म्हणून ते नाव. आता ती तबकडी खरंच कशी फिरतेय ते वर्णपट घेऊन बघावं लागेल, ते काम पुढचं.

म्हणजे अडचण दुर्बिणीची नाहीये, सत्तर हजार वस्तू न कंटाळता बघण्याची आहे. ती सवय तुला लागू शकते. रॅड अ‍ॅट होम म्हणून २०१३ पासून एक उपक्रम चालतो, मुंबई विद्यापीठातले आनंद होता ('होता' हे आडनाव) चालवतात, त्यात साधे कॉलेजचे विद्यार्थी रेडिओ दुर्बिणींच्या चित्रांत विचित्र आकार शोधायला शिकतात. २०२५ मध्ये त्यांनी एकमेकांत गुंतलेली दोन रेडिओ कडी शोधली, लाखो प्रकाशवर्षं रुंद! बीएस्सीचं पहिलं वर्ष झालं की तू शिकून घे. आणि इंग्रजीची भीती वाटते म्हणतेस तर रोज एका संशोधन-पेपरचा फक्त सारांश वाच, डिक्शनरी घेऊन, सहा महिन्यांत तेच तेच शब्द परत येतायत हे तुझ्या लक्षात येईल.

खोडदला एकदा जाच. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या आसपास, जीएमआरटी ही तिथली मोठी रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते, नारायणगावला उतरून पुढे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, चौदा मधोमध आणि बाकीच्या तीन दिशांना पसरलेल्या, सगळ्यात लांबच्या दोघींत साधारण पंचवीस किलोमीटर अंतर. जाळी आणि दोऱ्यांवर ताणलेली ती डिश जवळून बघितलीस की गोविंद स्वरूप यांनी कमी खर्चात ते कसं उभं केलं असेल याचा विचार करत बसशील, मी अजून करतो. २०२३ मध्ये अतिशय संथ गुरुत्वीय लहरींचा जो पुरावा जगभरातल्या टीमनी मिळून दिला, त्यात इथली मोजमापं होती.

आणि प्रश्न विचारायला लाजू नकोस. जयंत नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले. मुलं सही मागायला गेली की सर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. आणि पाठवायचे. एवढा मोठा माणूस पोस्टकार्डाला उत्तर देत होता, तर तुला आज कुठल्याही संशोधकाला नीट, नेमका ईमेल लिहायला काय हरकत आहे? मात्र आधी स्वतः शोधून, कुठे अडलं ते लिहून.

आता खरं काम देतो, यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

मृगातला तो लाल तारा, काक्षी (इंग्रजीत बीटलज्यूस). त्याचं तेज कमीजास्त होतं. शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांनी त्याच्या तेजाच्या नोंदी ठेवल्यात, त्यात कितीतरी जण साधे हौशी होते, नुसत्या डोळ्यांनी बघणारे. त्या नोंदींत साधारण सहा वर्षांचं एक चक्र दिसतं. २०२४ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी हिशोब मांडला की हे चक्र म्हणजे काक्षीभोवती फिरणारा एक लहान तारा असणार. आणि जुलै २०२५ मध्ये हवाईमधल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीतून अगदी छोट्या छोट्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन, हवेची थरथर गोठवून, तो दिसल्याचं जाहीर झालं. काक्षीपेक्षा सहा प्रतींनी मंद (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप), अगदी खेटून. पण ऐक, तो फोटोचा पुरावा एकटा बघितला तर कच्चा आहे, दीड सिग्मा फक्त, म्हणजे नुसत्या योगायोगानेही तसं दिसू शकतं, आणि लिहिणाऱ्यांनी स्वतःच 'बहुधा' म्हटलंय. परत नीट दिसायची संधी नोव्हेंबर २०२७ मध्ये, तेव्हा तो जास्तीत जास्त लांब आलेला असेल.

तोपर्यंत तू वही घाल. हिवाळ्यात रात्री साडेदहाला मृग भरपूर वर असतो. पलीकडे रोहिणी, तिची प्रत ०.९. अलीकडे पूर्वेला प्रश्वा, ०.४. आकडा लहान म्हणजे तारा जास्त तेजस्वी, हे तुला माहितीये. काक्षी या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते ठरव. बरोबर मधोमध वाटला तर ०.६ किंवा ०.७, प्रश्वाच्या जवळ वाटला तर ०.५. टक लावून बघू नकोस, लाल तारा टक लावला की आहे त्यापेक्षा तेजस्वी वाटायला लागतो, झटकन बघायचं आणि नजर काढायची. तारीख, वेळ, अंदाज, आभाळ कसं होतं. आठवड्यातून एकदा पुरे. नंतर एएव्हीएसओला पाठवता येतात, बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणारी १९११ पासूनची संस्था आहे, कोणाकडूनही घेतात.

आणि बॉलपेनने लिही. डिसेंबर २०१९ मध्ये मी एका रात्री काक्षीसमोर १.३ लिहिलं, आणि मग विचार केला की एवढा मंद कसा असेल, माझेच डोळे, थंडीत दमलेले, म्हणून खोडरबरने खोडून ०.८ केलं. दोन आठवड्यांत जगभर बातमी, काक्षी कधी नव्हे इतका मंद झालाय, फेब्रुवारीत तर १.६ पर्यंत गेला, ताऱ्याने बाहेर फेकलेल्या धुळीने झाकला गेला होता. माझा १.३ बरोबर होता. ती खोडलेली जागा वहीत अजून दिसते, आणि ती नोंद मी कुठेच पाठवू शकलो नाही, कारण त्या रात्री मला काय दिसलं आणि मला काय दिसायला हवं होतं यातलं मी दुसरं लिहिलं होतं.

पहिल्या चार नोंदी झाल्या की वहीच्या पानाचा फोटो पाठव. आणि शेजारच्या गल्लीतल्या त्या पांढऱ्या एलईडीचं सांगत होतीस ना, गच्चीच्या टाकीमागे उभी राहा, उजेड अडेल, डोळ्यांना वीस मिनिटं दे आणि मोबाइल खाली घरात ठेवून जा.

तुझा
काका