विचारा, सांगतो : अडीच मीटरचा बेड आणि सोलापूरचा टेम्पो

प्रश्न : काका, नमस्कार. माझं बार्शीत साइन आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. जागा दहा बाय बावीस फूट. मी, बायको आणि कामाला दोन पोरं. चार फुटी इको-सॉल्व्हंट छपाईचं मशीन आणि स्टिकर कापायचा दोन फुटी कटिंग प्लॉटर आहे. वाढदिवसाचे कटआउट, लग्नाच्या सेल्फी फ्रेम, दुकानांची अक्षरं यासाठी महिन्याला पाच एमएम सनबोर्डच्या (हलक्या प्लास्टिक फोमच्या) साधारण ६० शीट सोलापूरला कापायला जातात. शीटमागे १५० रुपये, आणि सहा फेऱ्यांचं टेम्पोभाडं महिन्याला ४,८०० रुपये. मिठाईवाल्यांचे स्टिकर आणि छोटे बॉक्स आम्ही हातानेच कापतो, त्यात बायकोची संध्याकाळ जाते. एका विक्रेत्याने २५१३ बेडचं (अडीच बाय १.३ मीटर सपाट टेबलाचं) फ्लॅटबेड, ऑसिलेटिंग नाइफ (वेगाने वरखाली होणारं ब्लेड) आणि कॅमेरा असलेलं मशीन साडेबारा लाखाला सांगितलंय, जीएसटी वेगळा. बँक दहा लाख द्यायला तयार आहे. घ्यावं का? की त्यापेक्षा राउटर (फिरत्या बिटाने कोरून कापणारं मशीन) बरा? – एक वाचक, बार्शी

उत्तर : पत्रात आकडे दिलेत म्हणून आधी तुमचं कौतुक. बहुतेक पत्रांत 'स्वस्तात चांगलं मशीन सुचवा' एवढंच असतं, आणि मग मी काय सुचवणार, कपाळ?

तुमच्याच आकड्यांवरून बघू. कापायचे ९,००० आणि टेम्पोचे ४,८००, म्हणजे महिन्याला १३,८०० रुपये, शीटमागे २३०. मशीन जीएसटीसह पावणेपंधरा लाखाला पडेल. दहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरलं तर हप्ताच २१,७०० च्या वर जातो. त्यात वीज, ब्लेड आणि बेडवरचं फेल्ट (ब्लेडखाली अंथरलेला जाड कापडी थर) धरा, म्हणजे साडेसव्वीस हजार. ते निघायला महिन्याला ११५ शीट लागतील, तुमच्या आहेत ६०. आणि घरचे पावणेपाच लाख घालाल त्यांचं व्याज मी धरलेलंच नाही. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी सोप्या दराची) असाल तर जीएसटीचे सव्वादोन लाखही परत मिळणार नाहीत.

म्हणून आत्ता २५१३ घेऊ नका. रागावू नका, पुढचं वाचा.

तुमचा खरा त्रास दोन ठिकाणी आहे, सोलापूरचा टेम्पो आणि बायकोची संध्याकाळ. टेम्पोचा इलाज मशीनमध्ये नाही, गावात शोधा. दरवाजे, देव्हारे, पलंगाच्या पाट्या कोरणारा एखादा सीएनसीवाला (संगणकाने चालणारा राउटर असलेला) बार्शीत बहुधा असेलच. त्याचं मशीन आठ बाय चार फुटांचं असतं आणि त्याचं काम हंगामी. त्याला तीन एमएमचा सिंगल फ्लूट (एकाच धारेचा) बिट तुम्ही घेऊन द्या आणि पाच एमएमची एक शीट कापून बघा. आतले कोपरे बिटाच्या जाडीमुळे दीड एमएमने गोल होतील, कडा थोडी तासावी लागेल, आणि पांढरा भुसा इतका उडेल की सुतार चार शिव्या देईल. कटआउट आणि सेल्फी फ्रेमला ते चालतं. वर, राउटरचं काय ते तुम्हाला स्वतःचे पैसे न घालता कळेल : ॲक्रिलिक आणि एसीपी (ॲल्युमिनियमचे पापुद्रे असलेला पाटीचा बोर्ड) नाइफने कापत नाहीत, तिथे राउटरच लागतो. उलट कोरुगेटेड खोका, फोम, स्टिकर राउटरचं काम नाही.

संध्याकाळ सोडवायला मात्र लहान बेड घ्या. साधारण ६० बाय ९० सेंटिमीटरचा, छापलेल्या खुणा (मार्क) कॅमेऱ्याने किंवा सेन्सरने वाचणारा, क्रीजिंगचं (घडीची रेघ दाबायचं) चाक असलेला. जपानी ग्राफटेकचं एफसीएक्स २००० मालिकेतलं लहान मॉडेल ६१० बाय ९२० मिमीचं आहे, त्याच मापात चिनी मशीनंही मिळतात. यावर हाफ कट (स्टिकर कापतो, मागचा कागद नाही), आरपार कट आणि बॉक्सची घडी होते. पाच एमएम सनबोर्डची अपेक्षा ठेवू नका. स्वित्झर्लंडची झुंड किंवा बेल्जियमची सुमा आपल्या बजेटच्या बाहेर. नाव झुंड, पण आपल्या भागात एखाददुसरीच दिसते.

आणि एक वही घाला. त्यात दोन खाने : बाहेर कापायला दिलेलं काम, आणि वेळ नाही म्हणून नाकारलेलं काम. दुसरा खाना वहिनींना लिहायला सांगा, कारण मालक आपलं नाकारलेलं काम विसरतो. सलग तीन महिने दर महिन्याची बेरीज सव्वाशे शीटच्या आसपास जाऊ लागली की मोठ्या बेडचा विचार करा. तेव्हा काय बघायचं ते आत्ताच सांगून ठेवतो.

मी मिरजेत ब्रशने पाट्या रंगवत मोठा झालो. पहिला मोठा बेड घेतला तेव्हा डेमोत विक्रेत्याने चांदणी, गुलाब आणि इंग्रजी 'सेल' कापून दाखवलं. मी खूश. २०२२ साली दुकानांच्या कायद्यात बदल होऊन पाटीवर देवनागरी इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं, आणि २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईतल्या एका मित्राने त्याचं जास्तीचं काम माझ्याकडे धाडलं. पहिलंच नाव 'चिंतामणी'. 'चि'वरचा अनुस्वार कापून होताच ब्लेडबरोबर उचलला गेला आणि पुढच्या अक्षराखाली सापडला. 'ता'ची शिरोरेषा त्यावर अडकून तुटली. त्या दिवशी अशा सात पाट्या वाया गेल्या.

कारण साधं आहे. बेड शीटला हवेने खाली ओढून धरतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या वाट्याची ओढ कमी. इंग्रजीत ठिपका फक्त छोट्या आय आणि जे यांच्यावर, आपल्याकडे अनुस्वार, चंद्रबिंदू, हिंदी पाटी असेल तर ड-ढ खालचे नुक्तेही. म्हणून डेमोला स्वतःची शीट घेऊन जा आणि त्यावर दोन इंची 'चिंतामणी' आणि 'श्री' कापायला लावा. त्यानंतर अर्धीच शीट बेडवर ठेवून तेच पुन्हा. उघड्या अर्ध्या बेडमधून हवा निसटते, तेव्हा त्या भागाचे हवेचे कप्पे (झोन) बंद करून शीट घट्ट राहते का ते कळतं. दुकानात आम्ही उघड्या भागावर जुना फ्लेक्स पसरतो, पण डेमोत पसरू देऊ नका.

याच वेळी फाइलही तपासा. फॉन्ट कर्व्हमध्ये, म्हणजे कापता येईल अशा आकृतीत, बदलला की शिरोरेषा, मात्रा, वेलांट्या एकमेकींवर चढलेल्या वेगवेगळ्या आकृत्या होतात. कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) वेल्ड, म्हणजे आकृत्या जोडून एक, न करता पाठवलं तर ब्लेड प्रत्येक आकृती वेगळी कापतं, आणि 'शिवाजी'चे सुटे तुकडे हातात येतात. वेल्ड केलं की शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध निघतो, भिंतीवर लावायला रोमनपेक्षा सोपा. ही आपल्या लिपीची मेहेरबानी.

पुढची परीक्षा सुताराची. एक मीटर बाय दोन मीटरचा आयत कापा आणि दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्ही २,२३६ मिमी आले पाहिजेत. एक कमी, एक जास्त, म्हणजे गॅन्ट्री (ब्लेड धरून बेडवर सरकणारा आडवा दांडा) गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. मग पाच एमएममध्ये दहा एमएमचं भोक. वरून गोल दिसेल, उलटून पाहा. ब्लेडला रुंदी असते, लहान वळणात ते खाली फाकतं आणि भोक खालून बदामासारखं होतं. थोडं सगळ्यांचंच होतं, किती होतं ते बघायचं.

वेगाच्या आकड्याकडे मी बघतच नाही. शीट चढवणं-उतरवणं आणि लहान तुकडे वेचणं यातच निम्मा वेळ जातो.

जागा : सांगाडा बेडपेक्षा चारी बाजूंनी फूट-दीड फूट मोठा धरा. तुमच्या दहा फुटांत दोन्ही बाजूंना माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल. माझ्या ब्लोअरची (शीट धरून ठेवायला हवा ओढणाऱ्या पंख्याची) मोटर साडेसात किलोवॅटची, म्हणजे दहा हॉर्सपॉवर. थ्री फेज जोडणी आणि महावितरणकडून लोड वाढवणं आलं. ब्लोअर शेडबाहेर ठेवा, नाहीतर गिऱ्हाइकाचा फोन ऐकू येणार नाही.

सर्व्हिसचं सांगताना अजून पोटात ढवळतं. दिवाळीच्या तोंडावर माझ्या मशीनचं कंट्रोलर कार्ड गेलं. ज्याने विकलं त्याने आधी 'उद्या माणूस येतोय' म्हटलं, मग फोनच उचलेना. तेवीस दिवस मशीनवर आम्ही डबे ठेवून जेवलो. म्हणून त्याच विक्रेत्याने तीन वर्षांपूर्वी विकलेलं मशीन ज्याच्याकडे आहे, त्याच्या दुकानात त्याला न कळवता जा. ब्लेड दुसरीकडे मिळतात का, सॉफ्टवेअरचा डोंगल (संगणकाला लावायची परवान्याची किल्ली) हरवला तर नवा किती दिवसांत आणि कितीला, हे कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी वचनं मी भरपूर जमवली आहेत, हवी असतील तर फुकट देतो.

प्रश्न : आमच्याकडे ॲक्रिलिक कापायचं सीओटू लेझर आहे. त्यावरच तीन एमएम सनबोर्ड कापला तर फ्लॅटबेडचा खर्च वाचेल का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : अजिबात नको. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. जाळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि ओलाव्याबरोबर त्याचं आम्ल होतं. मशीनच्या रेल गंजतात, लेन्स जाते, आणि एक्झॉस्ट कितीही चांगला असला तरी थोडं तुमच्या छातीत जातंच. कुणी 'आम्ही तर रोज कापतो' म्हणालं तर त्याच्या मशीनचे स्क्रू बघा. व्हिनाइल स्टिकरलाही हेच लागू. लेझर ॲक्रिलिकसाठीच ठेवा, तिथे त्याची काचेसारखी कडा दुसऱ्या कशाला येत नाही.

प्रश्न : जुना फ्लॅटबेड निम्म्या किमतीत मिळतोय. बघायला जाताना सोबत काय न्यावं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : स्टिकरचा रोल आणि सोलायला नखं. चारही कोपऱ्यांत आणि मधोमध, एकाच दाबावर, दोन इंची चौकोनाचा हाफ कट मारायला लावा आणि पाचही सोला. एका कोपऱ्यात मागचा कागद कापला गेला आणि दुसऱ्यात व्हिनाइलही सुटलं नाही, तर आधी फेल्ट झिजलंय का पाहा. ते बदलता येतं. फेल्ट सारखं असूनही फरक येत असेल तर बेड वाकलाय, चहा घेऊन परत या. सगळं ठीक निघालं तर डोंगल आणि परवाना त्याच दिवशी हातात घ्या, मशीन टेम्पोत चढण्याआधी.