टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीला सीलिएकचेही निदान झाले. आहार कसा सांभाळावा?

सीलिएक आजारात गहू, जव यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते, म्हणून ग्लूटेन पूर्णपणे वर्ज्य करणे आणि प्रत्येक जेवणातील कर्बोदकांचा हिशेब ठेवणे ही दोन्ही पथ्ये मुलीला कायम पाळावी लागतील. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी होणाऱ्या घरात ते नक्कीच जमते. गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया आणि जव बंद करावेत. खपली गहू हलका म्हणून सुचवला जातो, परंतु त्यातही ग्लूटेन असते.

खरी अडचण गिरणीत येते, कारण ज्या जात्यावर आधी गहू दळला गेला त्यावरच ज्वारी दळल्यास पिठात गव्हाचे अंश उतरतात. म्हणून घरगुती चक्की वापरणे मला अत्यावश्यक वाटते. बाजारातील बहुतेक बांधणी हिंगातही गव्हाचे पीठ असते, तेव्हा वेष्टन वाचावे.

गव्हाऐवजी भात, साबुदाणा किंवा ग्लूटेनमुक्त बिस्किटे यांवरच भर दिला, तर रक्तातील साखर झपाट्याने वाढते. भाकरीसोबत उसळ, पालेभाजी, दही असू द्यावे, आणि भाकरीतही कर्बोदके भरपूर असल्याने तिचे पीठ मोजून घ्यावे.

आतडे भरून येऊ लागले की अन्नाचे शोषण सुधारते आणि इन्सुलिनची गरज वाढू शकते. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने साखर अधिक वेळा तपासून मात्रा डॉक्टरांकडूनच बदलून घ्यावी. साखर एकदम उतरल्यास बिस्किटाऐवजी ग्लुकोज पावडर द्यावी, आणि तिचा पुडा शाळेच्या दप्तरातही ठेवावा.