मे महिन्यात बेळगावला येताय? वातावरणाचं टेन्शन सोडा, पाण्याचं बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन येणार, बरोबर आईबाबा आणि दोन मुलं, चार दिवस हातात, यादीत गोकाकचा धबधबा, आंबोली आणि जमलं तर गोवा. आणि शेवटी घाबरत घाबरत विचारलंय की सीमाप्रश्नामुळं तिकडं वातावरण कसं असतं, एमएच पासिंगची गाडी चालेल का, मराठी बोललं तर कुणी काही म्हणेल का. ऑफिसातल्या कुणीतरी म्हणे "नका जाऊ, दगड मारतात" असं सांगितलंय. मी जन्मापासून इथंच आहे, पाहुणे सारखे येत असतात, सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, म्हणून यादी नंतर, आधी हेच.

या बिनधास्त. गणपत गल्ली, खडेबाजार, शहापूर, वडगाव, टिळकवाडी, कुठंही मराठीत भाव विचारा, उत्तर मराठीत येतंय, नाहीतर अर्धं मराठी अर्धं कन्नड येतंय, भाजीवाली मावशी तर एका वाक्यात तीन भाषा बोलते आणि तिला त्याचं काही वाटत पण नाही. पाट्या मात्र कन्नडमध्ये मोठ्या दिसतील, 2024 मध्ये कायदाच झालाय की पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे, त्यामुळं मोबाईलमध्ये बघून दुकान शोधताना गोंधळ उडतोय, सरळ माणसाला विचारायचं. चौकशीला पहिलं वाक्य कन्नडमधलं एखादं आलं, "नमस्कार री" एवढं जरी म्हटलं, तरी समोरचा खुश होतो, यात कुणाचं काही कमी होत नाही.

तुमच्या ऑफिसवाल्यांनी जे ऐकलंय ते खोटं नाही हां. डिसेंबर 2022 मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, नंतर दिल्लीत गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून सांगितलं की कोर्टाचा निकाल येईपर्यंत गप्प बसा. फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्हीकडच्या बस काही दिवस बंद. असं होतं तेव्हा कोल्हापूरची बस कागलला थांबते, इकडची निपाणीला, आणि मधल्या मधे बाईमाणसं पोराबाळांना घेऊन बॅगा ओढत चालत असतात. टीव्हीवर दिवसभर तेच चालू. पण तापायचे दिवस आमच्याकडं जवळपास ठरलेले आहेत, एक 1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि इथल्या मराठी माणसांचा काळा दिवस, दुसरं डिसेंबरात सुवर्णसौधमधलं, म्हणजे इथल्या विधानभवनातलं, कर्नाटक सरकारचं अधिवेशन, आणि मधे निवडणूक असेल तर ती. निवडणूक नसेल तर मे त्यात बसत नाही. खटला तर 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तारखा पडूलालेत, आम्ही लग्नंकार्यं करूलालोय. निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा, एवढं पुरे.

उलट वैशाखात इथं असाल आणि तिथीची शिवजयंती गाठता आली तर गाठा. आमच्याकडं ती अक्षय तृतीयेच्या आसपास येते, चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, त्या रात्री गावात गाडी घालायची नाही, एवढंच.

आता यादी. गोकाक मे महिन्यात काढून टाका. 52 मीटरचा कडा आहे, पावसाळ्यात लाल पाणी धडाधड कोसळतं तेव्हा बघण्यासारखं दुसरं काही नाही, पण मेमध्ये वरच्या हिडकल धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर नुसता दगड, आणि 40 च्या आसपास ऊन. आईबाबांना घेऊन तर अजिबात नको. गोडचिनमलकी पण तसंच. ती मार्कंडेय नदी, तिला वर राकसकोपला अडवलंय, तेच आमचं पिण्याचं पाणी, आता आम्हालाच पुरत नाही तर खाली धबधब्याला कुठनं येणार सांगा. आंबोलीची हवा गार असते, पण मेमध्ये तिथला मोठा धबधबा पण जवळपास कोरडाच. आंबोलीला जायचं तर हिरण्यकेशीच्या उगमाला जावा. गुहेतून पाणी येतं, शेजारी देऊळ, सावली आहे, मुलांचे पाय पाण्यात. तीच हिरण्यकेशी खाली आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, म्हणजे गोकाकला जे कोसळतं त्यात आंबोलीचं पण पाणी असतंय. धबधबेच बघायचे असतील तर जुलै ते सप्टेंबर या, तेव्हा काय ती मजा.

मग मेमध्ये काय बघायचं? सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर जे जमतं ते. दुपारी झोपा. बेळगाव उंचावर आहे, अडीच हजार फूट धरा, त्यामुळं ऊन असलं तरी संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की बरं वाटतं, आणि वळीव आला तर दुसऱ्या दिवशी हवा एकदम बदलते.

किल्ल्यात कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर आहे, 1204 सालचं, काळ्या दगडात छतावर कोरलेलं कमळ खालून मान वर करून बघायचं, मुलं पण दोन मिनिटं गप्प होतात. आत दगड गार असतो, चपला बाहेर काढल्यावर मात्र फरशी तापलेली असते, आईबाबांना मोजे घाला. टिळकवाडीत काँग्रेस विहीर, 1924 चं अधिवेशन इथं झालं, गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन, आणि एवढ्या लोकांना पाणी कुठून द्यायचं म्हणून ही विहीर खोदली. डिसेंबर 2024 मध्ये त्याची शंभरी म्हणून दिल्लीतले सगळे मोठे नेते इथं होते, गावभर रोषणाई, आणि बैठक झाली त्याच रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले, दुसऱ्या दिवशीची सभा रद्द. रोषणाई बघायला मात्र आमची अख्खी गल्ली स्कूटर काढून फिरली होती, पक्ष कुठला का असेना.

राजहंसगडावर सूर्यास्ताला जावा, शहरापासून अर्धा तास, गाडी बरीच वर जाते. वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा. त्याची गंमत ऐका, मार्च 2023 मध्ये एकाच आठवड्यात त्याचं दोनदा उद्घाटन झालं, आधी भाजपच्या मुख्यमंत्र्यांनी, मग काँग्रेसवाल्यांनी आपलं वेगळं, नंतर महाराष्ट्र एकीकरण समितीवाल्यांनी दुग्धाभिषेक केला तो निराळाच. दोन महिन्यांवर विधानसभा होती, मग काय. वारा मात्र झकास असतो. एक पूर्ण दिवस असेल तर खानापूरच्या पुढं हलशीला जावा, कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ, गर्दी नसते. नाहीतर धारवाड रस्त्यावर कित्तूर, राणी चन्नम्मांच्या वाड्याचे अवशेष आणि म्युझियम. सौंदत्तीला रेणुकादेवीला जायचं असेल तर स्वतःच्या गाडीनंच जावा, बसचा विचार पण करू नका, त्याचं कारण सांगतो.

11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला फुकट प्रवास आहे, शक्ती योजना. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयाचं तिकीट हातात. तेव्हापासून सुट्टीत सौंदत्तीच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. ज्या बायका आयुष्यात माहेर आणि शेत सोडून कुठं गेल्या नव्हत्या त्या आता ग्रुप करून, डब्यात दशम्या-चटणी बांधून धर्मस्थळापर्यंत जाऊन येतात, माझी काकू त्यातलीच. लोक कुरकुर करतात की आम्हाला बसायला मिळत नाही, पुरुषांना दीड-दोन तास उभं राहावं लागतंय, ते पण खरं, बस वाढवल्या पाहिजेत. पण ही योजना बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा काकूशी बोलावं. तिची सख्खी बहीण चंदगड तालुक्यात दिलेली, अंतर किती, तर आमच्या गावाहून नजरेला दिसेल एवढं. ती इकडच्या बसमध्ये चढली की कंडक्टर आधार बघतो, पत्ता महाराष्ट्राचा, पूर्ण तिकीट काढा. तिकडं लालपरीत तिला अर्धं तिकीट. इकडच्या बहिणीला कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000, तिकडच्या बहिणीला लाडकी बहीणचे 1500, आणि दोघी लग्नात भेटल्या की पहिला विषय "तुझा हप्ता आला का". राष्ट्रीय राजकारण म्हणून टीव्हीवर जे चालतं ना, ते आमच्या घरात असं येतं. खानापूरकरांचं तर अजून वेगळं, तालुका बेळगाव जिल्ह्यात पण लोकसभेला मत उत्तर कन्नड मतदारसंघात, म्हणजे खासदाराकडं काम असेल तर घाट उतरून कारवारच्या बाजूला बघायचं.

सुट्टीचं पण तसंच. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या सुरुवातीला सुटतात आणि मे संपता संपता परत चालू, महाराष्ट्रात जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. म्हणजे मामाकडं सगळी पोरं एकत्र जमायची तर मे महिनाच. लग्नं पण तेव्हाच, गावोगावच्या लक्ष्मी यात्रा पण तेव्हाच. म्हणून लॉज आधी बुक करा, मेमध्ये ऐनवेळी मिळत नाही. बुक करताना दोन गोष्टी फोनवर विचारा. एक, पाणी चोवीस तास आहे का आणि टँकरचं आहे का, कारण उन्हाळ्यात आमच्या कितीतरी भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतंय, आल्यावर बायका पहाटे उठून भरतात, आणि तुमच्या लॉजच्या शॉवरला मात्र दिवसभर धार असते. मी तुम्हाला आंघोळ करू नका म्हणत नाही, पण मुलांना बादली द्या. दुसरी गोष्ट बिल, 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारापर्यंतच्या खोलीला जीएसटी 5 टक्के आहे, अजून कुणी जुना 12 लावत असेल तर विचारायचं, लाजायचं नाही.

आता जांबोटी-कणकुंबी. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त राग पण इथलाच येतो. मेमध्ये जांबोटीच्या रस्त्याला करवंदं, जांभळं, फणस घेऊन बायका आणि पोरं बसलेली असतात, पानाच्या द्रोणात करवंदं, घ्या, घासाघीस करू नका. कणकुंबीला माउलीचं देऊळ, तिथंच मलप्रभेचा उगम. जवळच कळसा नाल्याचं खोदकाम दिसेल, गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादई नदीचं पाणी मलप्रभेत वळवायचं ते हेच. 2018 मध्ये म्हादईच्या पाणीवाटप लवादानं कर्नाटकाला 13.42 टीएमसी दिलं, गोवा आणि कर्नाटक दोघंही कोर्टात, महाराष्ट्र पण आहेच, प्रत्येक निवडणुकीत दिल्लीहून कुणीतरी येऊन इकडं एक बोलतो आणि पणजीत दुसरं. आणि पहाटे याच चोर्ला घाटातून आमच्या भाजीच्या गाड्या गोव्याला जातात, त्या कधी थांबत नाहीत. भांडण पाण्याचं, पण आमच्याकडं पिकलेला कोबी-टोमॅटो गोव्यातल्या ताटात जातोय.

राग कशाचा ते सांगतो. या पट्ट्यात रिसॉर्ट वाढले, रात्री स्पीकर, जंगलाच्या कडेला बिअरच्या बाटल्या फोडून टाकलेल्या, गुरांचे पाय कापतात. आणि आत भीमगड अभयारण्यात आमगाव, गवाळी, पास्तोली, कोंगळासारखी गावं आहेत, मराठी बोलणारी, तिथं धड रस्ता नाही, पावसात नाला भरला की आजारी माणसाला लाकडाला घोंगडं बांधून खांद्यावरून आणतात. अभयारण्य म्हणून रस्ता करता येत नाही म्हणे. तळेवाडीच्या लोकांना कुटुंबामागं 15 लाख देऊन बाहेर काढलं, बाकीच्यांचं चाललंय हो-नाही. ज्यांना जायचंय त्यांना जाऊ द्या, पण रस्ता नाही म्हणून कंटाळून गेले तर त्याला राजीखुशी म्हणायचं का? हे खासदार-आमदार दोघांनाही विचारायला पाहिजे, पण मतं थोडी, त्यामुळं कोण विचारतंय. तुम्ही जंगलात आत घुसू नका, परवानगी लागते आणि अस्वलं आहेत, हे घाबरवायला सांगत नाही. तुमचा कचरा पिशवीत घालून परत बेळगावला आणा.

गोव्याचं तुम्ही "जमलं तर" लिहिलंय, चार दिवसांत नका जमवू. चोर्ल्यात वळणं फार, मुलांना उलट्या होतात, आणि मेच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकल्या की दोन-दोन तास जातात. गेलातच तर पहाटे निघा, येताना डिकीत बाटल्या ठेवू नका, कणकुंबीच्या नाक्यावर गाडी उघडून बघतात आणि आईबाबांसमोर शोभा होते. पेट्रोल कोगनोळी ओलांडल्यावर कर्नाटकात भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं. कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, परत निघायच्या दिवशी घ्या, आधी घेऊन गाडीत ठेवलात तर उन्हानं खराब होतो, आणि मांडे पाहिजे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आईबाबांना गुडघ्याचा त्रास असेल तर कळवा, राजहंसगडाच्या ऐवजी दुसरं काहीतरी सुचवतो.