जुन्या नोंदवहीतले बालमृत्यू आणि आजचे: तुलना करण्याआधी छेद बघा

तुमचा प्रश्न परत एकदा थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. तुम्ही गावची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही चाळली, 1950 च्या आसपास एकूण मृत्यूंपैकी निम्मे पाच वर्षांखालच्या मुलांचे निघाले, आता ते दोन टक्क्यांवर आलेत, मग बालमृत्यू 25 पटीने कमी झाले असं म्हणायचं का? आणि दुसरं, 1921 साली मुंबईत हजारी 667 अर्भकं दगावली असं वाचलं, ते खरं कसं मानायचं?

मी बरीच वर्षं आरोग्याच्या आकडेवारीत काम केलंय. हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही म्हणता येणार. बालमृत्यू खूप कमी झालेत यात शंकाच नाही, पण ते 25 पट या भागाकारातून निघत नाही. तुम्ही मुलांच्या मृत्यूंना एकूण मृत्यूंनी भागलंय आणि एकूण मृत्यूंत म्हातारी माणसंही येतात. समजा दोन गावं आहेत आणि दोन्हीकडे मुलाचा धोका अगदी सारखा, हजारात 50 मुलं पाच वर्षांच्या आत जातात. पहिल्या गावात वर्षाला 40 बाळं जन्मतात, म्हणजे मुलांचे 2 मृत्यू, मोठ्यांचे 6 धरा, झाले 25 टक्के. दुसऱ्या गावात पाळणा कमी हलतो, वर्षाला 10 च बाळं, म्हणजे दोन वर्षांत मिळून एक मूल जाणार, आणि म्हातारे जास्त म्हणून मोठ्यांचे 12 मृत्यू, टक्केवारी आली 4. धोका तोच, आकडा सहापट कमी! तुमच्या गावातही 70 वर्षांत हेच झालंय, जन्म कमी झाले, माणसं जास्त जगायला लागली, आणि मुलांचा धोकाही कमी झाला, तिन्ही गोष्टी त्या एका टक्केवारीत मिसळल्यात.

म्हणून अर्भक मृत्यूदर काढताना छेदात एकूण मृत्यू नाही, एकूण लोकसंख्याही नाही, त्या वर्षीचे जिवंत जन्म घेतात. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती गेले. पाच वर्षांखालचा दर काढताना अजून एक चूक फार जण करतात, पहिल्या वर्षाचा दर आणि पुढच्या चार वर्षांचा दर सरळ बेरीज करतात. हजारातली 100 पहिल्या वर्षात गेली तर उरली 900. पुढच्या चार वर्षांचा धोका हजारी 50 असेल तर तो या 900 ला लावायचा, म्हणजे 45. एकूण 145, 150 नाही. आताच्या कमी दरांत हा फरक नगण्य असतो पण जुन्या काळाच्या दरांत चांगलाच जाणवतो.

आता मुंबई 1921. हा आकडा खरंच नोंदलेला आहे, हजार नोंदलेल्या जन्मांमागे 667 च्या आसपास, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तर 800 च्या वर. यातला 'नोंदलेल्या' हा शब्द नीट वाचा. गिरणीत काम करणाऱ्यांची कुटुंबं कोकणातली, घाटावरची. बाई बाळंतपणाला गावी जायची, जन्म तिकडेच व्हायचा (तिकडे नोंदला गेला तर गेला), मग बाळ घेऊन ती चाळीत परत यायची, आणि बाळ मुंबईत दगावलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यात. शिवाय शहरात घरी झालेले बरेच जन्म नोंदलेच जात नव्हते, पण पुरायला नेताना मृत्यूची नोंद टळणं अवघड. अंश फुगला, छेद आटला. पुढच्या दहा वर्षांत हा दर निम्म्याहून खाली आला, पण त्यातलं किती श्रेय जगलेल्या बाळांचं आणि किती जन्मनोंदणी सुधारल्याचं, हे त्या एका आकड्यावरून सुटत नाही. याचा अर्थ चाळीत सगळं ठीक होतं असा अजिबात काढू नका. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, हवा नाही, आई कामावर, अशात बाळं जात होतीच आणि भयंकर प्रमाणात जात होती. मी फक्त एवढंच म्हणतोय की 667 आणि आजचा दर एका ग्राफवर ठेवून रेघ ओढू नका.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडूनही देऊ नका. आजही कायद्यानुसार जन्म किंवा मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. गंभीर बाळं लांबून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आणतात, तिथे दगावलं की शहराचा आकडा वाढतो आणि ज्या तालुक्यातून आणलं तो तालुका कागदावर छान दिसतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करणाऱ्या बातम्या वाचताना हे कायम डोक्यात ठेवा.

यासाठीच आपल्याकडे नमुना नोंदणी पद्धत आली, एसआरएस, 1970 पासून देशभर. ठरावीक गावं आणि वस्त्या निवडतात (आता 8,800 हून जास्त आहेत), तिथला एक स्थानिक माणूस, बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक, वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी वेगळा पर्यवेक्षक येऊन घरोघर स्वतः विचारतो, दोन याद्या जुळवतात, जे जुळत नाही त्याची परत घरी जाऊन खातरजमा करतात. मृत्यू कुठे झाला यापेक्षा माणूस कुठला रहिवासी हे बघतात. म्हणून काळाची तुलना करायची तर मी आधी हीच मालिका उघडतो. भारताचा अर्भक मृत्यूदर 1971 ला 129, 1991 ला 80, 2011 ला 44, 2020 ला 28. महाराष्ट्र 2020 ला 16, केरळ 6, मध्य प्रदेश 43.

दराबरोबर प्रत्यक्ष बाळंही मोजून बघा, कारण दर वाचून माणूस सुन्न होत नाही. 1971 ची लोकसंख्या 54.8 कोटी, जन्मदर हजारी 36.9, म्हणजे साधारण 2 कोटी जन्म, त्यातले 26 लाख वर्षाच्या आत गेले. 2020 ला जन्मदर 19.5 वर आला तरी लोकसंख्या मोठी म्हणून जन्म 2.67 कोटींच्या घरात, मृत्यू साडेसात लाखांच्या आसपास. जन्म वाढूनही वर्षाला होणारे अर्भक मृत्यू साडेअठरा लाखांनी कमी झाले. साडेसात लाख हाही भयानकच आकडा आहे, कारण त्यातली बरीचशी पहिल्या महिन्यातच जातात, नवजात मृत्यूदर त्या वर्षी 20 होता.

1970 च्या आधीचं काय, तर इथे बायकांना विचारण्याची पद्धत कामी येते. विल्यम ब्रास नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने दाखवलं की वेगवेगळ्या वयाच्या बायकांना एकूण किती मुलं झाली आणि त्यातली आज किती हयात आहेत, एवढं विचारलं तरी मागच्या काही वर्षांचा बालमृत्यू दर अंदाजता येतो. आपल्या जनगणनेतही हे प्रश्न असतात. पण यात एक गोष्ट मी स्वतः कित्येकदा अनुभवली आहे. आजीला विचारलं, किती मुलं झाली? "सहा." सहाही जिवंत? "हो." मग शेजारी बसलेली सून हळूच म्हणते, आत्या, ते पहिलं? मग आजी थांबते आणि म्हणते, "ते बारशाच्या आधीच गेलं." नाव ठेवलं नव्हतं म्हणून मोजलंच नाही, आणि आठवण मात्र पन्नास वर्षांनी तशीच ताजी. म्हणून एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) सारख्या सर्वेत वेगळं विचारतात की जन्मल्यावर रडलं, हालचाल केली, पण जगलं नाही असं कुणी होतं का. हा प्रश्न नीट, थांबून विचारला की मृत्यूदर वाढतो! सर्वे सुधारला म्हणून दर वाढलेला दिसणं ही या क्षेत्रातली सगळ्यात जास्त गैरसमज करणारी गोष्ट आहे.

तुमच्या नोंदवहीतही बघा, 'उपजत मृत्यू' किती आहेत. काही तास जगलेलं बाळ मेलेलंच जन्मलं असं लिहिलं की ते जन्मातूनही गेलं आणि मृत्यूतूनही गेलं. तसंच वयाच्या रकान्यात '1 वर्ष' ची गर्दी दिसेल, अकरा महिन्यांच्या बाळालाही घरचे वर्षाचं सांगतात. म्हणून जुन्या नोंदींत मी अर्भक दरापेक्षा पाच वर्षांखालच्या दरावर जास्त विश्वास ठेवतो, तो वयाच्या या घोळाने फारसा हलत नाही.

आकडे लहान असतील तर एका वर्षावरून काहीही बोलू नका. तालुक्यात 1,500 जन्म आणि 24 अर्भक मृत्यू म्हणजे दर 16. पुढच्या वर्षी 31 झाले की '29 टक्के वाढ' अशी बातमी येऊ शकते, पण काहीही न बदलता नुसत्या योगायोगाने हा आकडा 14 ते 34 मध्ये हलू शकतो. गावाचं तर विचारूच नका.

आणि का कमी झालं हे सांगायचं असेल तर आधी-नंतर पुरत नाही, बाजूला तुलनेची गावं लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी सुरू केली आणि 47 तुलनेच्या गावांतही तितक्याच काटेकोरपणे जन्म-मृत्यू मोजले. त्या 39 गावांत नवजात मृत्यूदर तीन वर्षांत 62 वरून 25 च्या आसपास आला, तुलनेच्या गावांत तो जवळपास होता तिथेच राहिला. म्हणून तो निकाल जगभर मानला गेला.

आता तुमच्यासाठी. 1948 ते 1957 अशी दहा वर्षं एकत्र घ्या, जिवंत जन्म मोजा, त्याच काळातले पाच वर्षांखालचे मृत्यू मोजा, भागा. मग गावातल्या पन्नाशीतल्या साठीतल्या बायकांना मुलांबद्दल हळुवार विचारा आणि त्यांच्या, म्हणजे नंतरच्या काळाचा तोही आकडा शेजारी लिहा. जन्म फारच कमी वाटले तर त्या काळच्या जन्मदराशी ताडून बघा, लोकसंख्या 1951 च्या जनगणनेत गावनिहाय मिळेल. दोन-तीन पानांचे फोटो नावं झाकून इथे टाकलेत तर रकाने वाचायला मी मदत करतो, जुनं मोडी मिश्रित अक्षर असलं तरी चालेल.